लिहून झाल्यावर

पत्र लिहून पुरे झाले, खाली सही केली, आणि लेखणी बाजूला ठेवली की लिहिणाऱ्यास एक प्रकारचे समाधान वाटते. काम संपले, असे तो समजतो. वास्तविक त्या क्षणी त्याचे निम्मेच काम संपलेले असते. उरलेले निम्मे काम म्हणजे, जे लिहिले ते आपण लिहिलेच नाही अशा परक्या दृष्टीने पुन्हा एकदा वाचणे. या दुसऱ्या वाचनाला छापखान्याच्या भाषेत मुद्रितशोधन म्हणतात. छापून आलेल्या कच्च्या प्रतीला मुद्रित किंवा प्रूफ असे नाव आहे, आणि ते मुळाशी ताडून पाहून त्यातील चुका दाखविणाऱ्यास मुद्रितशोधक म्हणतात. परंतु ही गोष्ट केवळ छापखान्यापुरती आहे, असे मुळीच समजू नका. वकिलाचा दस्त, वैद्याची चिठ्ठी, व्यापाऱ्याची मागणी, कचेरीतील हुकूम आणि शाळेचा दाखला या सर्वांना दुसऱ्या वाचनाची सारखीच आवश्यकता असते. माझ्या मते तर, छापील पुस्तकापेक्षा या साध्या कागदांनाच ती अधिक असते.

छपाईतील चुकीला आपल्याकडे ‘मुद्राराक्षसाचा प्रताप’ म्हणण्याची रीत आहे. नाव मोठे गमतीचे आहे. वस्तुतः ‘मुद्राराक्षस’ हे विशाखदत्ताच्या संस्कृत नाटकाचे नाव. त्यातील मुद्रा म्हणजे शिक्क्याची अंगठी, आणि राक्षस हे नंदराजाच्या अमात्याचे नाव. छपाईशी त्या बिचाऱ्या अमात्याचा काडीमात्र संबंध नाही. पण ‘मुद्रण’ आणि ‘मुद्रा’ या शब्दांचे नाते जुळले, आणि अक्षरे पळविणारा एक राक्षस छापखान्यात वस्ती करून राहिला आहे, अशी थट्टा रूढ झाली. थट्टा म्हणून ती ठीक आहे. मात्र तिच्यामुळे एक खोटी समजूतही पसरली: चूक आपोआप होते, तिला कोणी जबाबदार नसतो, फार तर हसावे आणि सोडून द्यावे.

“कळले ना काय म्हणायचे आहे ते? मग झाले!” असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्यासाठी वेल्समधील कार्डिफ शहराची एक हकिगत सांगतो. तेथे ‘टेलर अँड सन्स’ नावाची शंभराहून अधिक वर्षांची जुनी कंपनी होती. सुमारे अडीचशे माणसे तिच्या पगारावर पोट भरीत होती. तिच्याशी कसलाही संबंध नसलेली ‘टेलर अँड सन’ या नावाची दुसरी एक कंपनी २००९ साली बुडाली, आणि न्यायालयाने ती मोडीत काढण्याचा हुकूम दिला. कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कचेरीत त्या हुकुमाची नोंद करताना नाव नीट पडताळले गेले नाही. एकवचनाच्या जागी अनेकवचन झाले. ‘सन’ बुडाली होती. वहीत मात्र ‘सन्स’ बुडाल्याची नोंद झाली. काही दिवसांतच ही चूक ध्यानात आली व नोंद सुधारलीही गेली. पण तोवर ती बातमी व्यापारी जगतात पोचली होती. माल पुरविणारे उधार देईनासे झाले, गिऱ्हाइकांचा विश्वास उडाला, आणि दोन महिन्यांच्या आत त्या धडधाकट कंपनीला खरोखरच आपला कारभार दुसऱ्यांच्या हाती सोपवावा लागला. पुढे २०१५ साली इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने ती सरकारी कचेरी या नुकसानीस जबाबदार असल्याचा निर्णय दिला. नुकसानीचा दावा सुमारे नव्वद लाख पौंडांचा होता.

येथे विचार करण्याजोगी गोष्ट ही की, ज्या कोणाच्या हातून ती नोंद झाली, त्याचे त्या कंपनीशी वैर नव्हते. भाषाही त्यास चांगलीच येत असणार. दोन नावे शेजारी ठेवून एकदा पाहण्यास फार तर एक मिनिट लागले असते. त्या मिनिटाची किंमत मात्र ज्यांनी चूक केलीच नव्हती, अशा अडीचशे कुटुंबांनी मोजली. लिहिण्यातील चुकीचा हाच विशेष आहे. पाय घसरला तर ज्याचा घसरतो त्यालाच लागते. लेखणी घसरली तर बहुधा दुसऱ्यालाच लागते.

आकड्यांच्या बाबतीत तर हा धोका अधिकच. शब्दात एखादे अक्षर चुकले तर वाचणारा अडखळतो व मागेपुढे पाहून खरे काय असावे याचा तर्क करतो. आकडा चुकला तर अडखळण्यास जागाच नसते. कारण चुकीचा आकडाही दिसतो अगदी खऱ्यासारखाच. ८ डिसेंबर २००५ रोजी जपानमधील टोकियोच्या शेअरबाजारात मिझुहो सिक्युरिटीज या पेढीला एक शेअर ६,१०,००० येनला विकायचा होता. यंत्रावर हुकूम देणाऱ्याने रकाने उलटे भरले, आणि ६,१०,००० शेअर प्रत्येकी एक येनला विकण्याचा हुकूम गेला. ज्या कंपनीचे हे शेअर, तिचे एकूण शेअरच मुळी १४,५०० होते! यंत्राने काही तरी विपरीत घडत असल्याची सूचना दिली होती; पण तशा सूचना नेहमीच येतात, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष झाले. हुकूम मागे घेण्याची धडपड झाली, तर बाजाराच्या यंत्रणेतील दोषामुळे तीही फसली. सुमारे चार हजार कोटी येनांचे नुकसान झाले. एक आणि सहा लाख दहा हजार हे दोन्ही आकडे अचूक होते, हे लक्षात घ्या. चुकली होती ती फक्त त्यांची जागा.

आता इतक्या दूर न जाता आपल्या देवनागरीकडे वळू. आपली लिपी सुंदर आहे, उच्चाराशी इमान राखणारी आहे. पण घाईने लिहिणाऱ्याला ती क्षमा करीत नाही. ‘ध’ची गाठ जरा सैल पडली की ‘घ’ होतो, आणि ‘धन’चे ‘घन’ होते. ‘भ’ आणि ‘म’ यांच्यात अंतर ते कितीसे? तरी ‘भात’ आणि ‘मात’ यांत केवढा फरक! जुन्या वळणाचा ‘ख’ तर ‘र’ आणि ‘व’ असा सुटा वाचला जाई, आणि पाहुण्यांसाठी केलेला ‘खवा’ हा ‘रवा’ आहे की काय, असा प्रश्न पडे. ऱ्हस्व-दीर्घाची गोष्ट निराळीच. ‘दिन’ म्हणजे दिवस, ‘दीन’ म्हणजे गरीब. ‘सुत’ म्हणजे मुलगा, ‘सूत’ म्हणजे धागा. परिचारिकेला रोग्याची शीर सापडली नाही तर ती दुसऱ्या हातास सुई टोचील. पण कागदावर वेलांटी चुकून त्याचे शिरच सापडले नाही म्हटले, तर तिने काय करावे? निमंत्रणपत्रिकेतील ‘स्मरणार्थ’ या शब्दाचा पहिला अर्धा ‘स’ गळाला, किंवा ‘आभार’ मानताना ‘आ’ गळून नुसता ‘भार’ उरला, तर सभेत हशा पिकतो व प्रकरण तेथेच मिटते. पण सगळ्याच ठिकाणी हसून भागत नाही.

देवनागरीतील ‘१’ आणि ‘९’ हे दोन अंक हस्ताक्षरात एकमेकांसारखे दिसतात. एकदा आठवीच्या वर्गात दुसऱ्या गावच्या शाळेतून एक मुलगा आला. त्याच्या दाखल्यावर जन्मतारीख १ ऑगस्ट अशी होती. प्रत्यक्षात तो ९ ऑगस्टला जन्मला होता, आणि त्या शाळेच्या मूळ रजिस्टरातही ९ हाच आकडा होता. तुम्ही दाखला पाहिला असेल, तर त्यावर जन्मतारीख आकड्यांत आणि पुन्हा अक्षरांत लिहिलेली तुम्हांस आढळली असेल. ही योजना फार शहाणपणाची आहे. आकडा चुकला तर अक्षरे त्याची साक्ष काढतील, हा तिचा हेतू. या दाखल्यावर मात्र अक्षरांतही ‘एक’ असेच होते. कारण लिहिणाऱ्याने अक्षरे लिहिताना रजिस्टर पुन्हा उघडून पाहिले नाही, स्वतःच लिहिलेला चुकीचा आकडा पाहून ती लिहिली. दोन साक्षीदार ठेवले, पण दुसऱ्याने पहिल्याचेच ऐकून साक्ष दिली! मुलाचे वडील शेतमजूर होते. ती एक रेघ सुधारून घेण्यासाठी त्यांना चार खेपा घालाव्या लागल्या, आणि प्रत्येक खेपेला त्यांची एका दिवसाची मजुरी बुडाली. सुधारलेला दाखला हाती आला तेव्हा त्या गृहस्थांनी, ज्यांचा काही संबंध नव्हता अशा आम्हां शिक्षकांना हात जोडले. चूक करणाऱ्याने नव्हे, चूक सोसणाऱ्याने हात जोडावेत, हे मला आजही सहन होत नाही.

औषधाच्या चिठ्ठीबद्दल तर काय सांगावे! अर्धा मिलिग्रॅम औषध द्यावयाचे असेल, तर ते ‘०.५’ असे लिहावे, पुढचे शून्य गाळून नुसते ‘.५’ असे लिहू नये, हा जगभर मान्य झालेला नियम आहे. बिंदू पुसट उमटला किंवा कागदाच्या घडीत गेला, तर अर्ध्याचे पाच होतात, म्हणजे मात्रा दसपट होते. त्याचप्रमाणे पाच मिलिग्रॅम लिहिताना ‘५.०’ असे लिहू नये. बिंदू हरवला की पन्नास. एक शून्य जेथे आवश्यक तेथे लिहावे, आणि जेथे घातक तेथे गाळावे, इतका बारीक विचार या नियमामागे आहे. डॉक्टरांनी औषधांची नावे सुवाच्य अक्षरांत लिहावीत, असा नियम आपल्या देशातही २०१६ साली करण्यात आला. चिठ्ठी वाचणाऱ्या औषधविक्रेत्याला शंका आली, तर त्याने तर्क न करता डॉक्टरांना विचारावे, यात कमीपणा नाही. तेच त्याचे खरे काम आहे.

मग प्रश्न असा उरतो की, इतकी शहाणी, शिकलेली माणसे आपलीच चूक पाहू कशी शकत नाहीत? याचे कारण आळस हे नेहमीच नसते. आपण वाचतो तेव्हा प्रत्येक अक्षर पाहत नाही. शब्दाचा साधारण आकार पाहतो, आणि बाकीचे मन पुरविते. लिहिणाऱ्याला तर पुढे काय आहे ते पाठच असते. त्यामुळे कागदावर काय आहे यापेक्षा कागदावर काय असावयास हवे, तेच त्याला दिसते. परीक्षेत उत्तरपत्रिका तीनदा वाचूनही एखादी चूक राहते आणि शेजारच्या मित्राला ती पहिल्याच दृष्टीला दिसते, हा अनुभव तुम्हां सर्वांना असेल. मित्राची बुद्धी अधिक असते असे नव्हे; त्याला ते पाठ नसते, एवढेच.

ही गोष्ट जुन्या छापखानेवाल्यांना पुरती ठाऊक होती. त्या काळी शिशाचा एकेक खिळा उचलून जुळारी ओळ जुळवीत असे. खिळ्यावरील अक्षर उलटे असते, म्हणून ते वाचणे मोठ्या सरावाचे काम. जुळलेल्या मजकुराचा कच्चा ठसा काढला की दोन माणसे समोरासमोर बसत. एक मूळ हस्तलिखित मोठ्याने वाची, नुसते शब्दच नव्हे, तर स्वल्पविराम, पूर्णविराम, अवतरणचिन्ह हेही उच्चारून वाची. दुसरा मुद्रितावर डोळा ठेवून समासात खुणा करी. खुणांप्रमाणे खिळे बदलले की पुन्हा ठसा, पुन्हा वाचन. कारण एक चूक काढताना शेजारी दुसरी शिरते, हा त्यांचा नित्याचा अनुभव होता. फर्मा यंत्रावर चढला म्हणजे मग चूक हजारो प्रतींवर जाणार, तेव्हा अखेरचे वाचन सर्वांत जबाबदारीचे मानले जाई. मोडी दप्तराच्या काळातही नक्कल केली की ती मुळाशी ताडून रुजुवात घेण्याची पद्धत होती. म्हणजे ही शिस्त काही छपाईबरोबर परदेशातून आलेली नाही.

किंबहुना आपल्याकडे तिचे फार थोर उदाहरण आहे. ज्ञानेश्वरी लिहिली गेली १२९० साली. पुढे सुमारे तीनशे वर्षे ती हातांनी उतरवून घेतली जात होती, आणि प्रत्येक उतरविणाऱ्याच्या हातून काही शब्द बदलत, काही ओव्या नव्याने शिरत. संत एकनाथांनी १५८४ साली तिच्या पाठाची शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि यापुढे कोणी आपली ओवी तीत मिसळू नये, असे बजावून ठेवले. एकनाथ स्वतः केवढे कवी! त्यांना काय चार ओव्या सुचल्या नसत्या? पण दुसऱ्याचा ग्रंथ शोधताना आपले कवित्व बाजूला ठेवावे लागते, हे त्यांनी जाणले. मुंबईत १८६९ साली जावजी दादाजी यांनी निर्णयसागर छापखाना काढला, त्याचेही असेच. जावजींना शालेय शिक्षण फारसे लाभले नव्हते. लहानपणीच ते छापखान्यात कामाला लागले होते. तरी काशिनाथ पांडुरंग परब, वासुदेव लक्ष्मणशास्त्री पणशीकर यांच्यासारख्या पंडितांनी शोधलेले संस्कृत ग्रंथ त्या छापखान्यातून अशा सुबक व निर्दोष रूपात बाहेर पडले की, निर्णयसागरची प्रत म्हणजे विश्वासाची प्रत, असा लौकिक झाला.

आज खिळे गेले, संगणक आले. चुकीच्या शब्दाखाली तांबडी रेघ ओढणारी सोयही आली. ती वापरावी, चांगली आहे. पण तिच्यावर विसंबू नये. ‘दीनांची सेवा’ याऐवजी ‘दिनांची सेवा’ लिहिले, तरी यंत्र गप्प राहण्याचा संभव आहे, कारण ‘दिन’ हाही शब्द त्याच्या कोशात आहेच. बुधवार लिहून पुढे गुरुवारची तारीख घातली, तर त्याला त्याचे काय? ते उघडे आहे की नाही, हे आपणच दिनदर्शिका पाहून ठरवावयाचे. मजकूर मोठ्याने वाचावा. ओळीखाली पट्टी धरून वाचावा. सवड असेल तर एक रात्र मध्ये जाऊ द्यावी. नावे, तारखा आणि आकडे यांसाठी एक वेगळे वाचन राखून ठेवावे. आणि ठळक अक्षरांतले मथळे विसरू नयेत. ते इतके मोठे असतात की, त्यांत चूक असेल अशी कोणास शंकाच येत नाही.

येथे एका गैरसमजाबद्दल बोलले पाहिजे. दुसऱ्याच्या लिहिण्यातील वेलांट्या मोजून त्याला हसणे म्हणजे मुद्रितशोधन नव्हे. काही जणांना त्याचा मोठा सोस असतो. खेड्यातून आलेल्या एखाद्या मुलाने आपल्या बोलीतले रूप लिहिले की ते तोंड वाकडे करतात. बोली ही चूक नसते. शिवाय लेखनाचे नियम माणसांनीच ठरविलेले आहेत आणि माणसांनीच बदललेले आहेत: १९६२ साली महाराष्ट्र शासनाने मराठी लेखनाचे नवे नियम मान्य केले, तेव्हा त्यापूर्वी शुद्ध ठरलेले कितीतरी अनुस्वार एका दिवसात अनावश्यक ठरले. नियम पाळावेत, पण त्यांची काठी करू नये. खरा मुद्रितशोधक लेखकाला हिणवीत नाही. वाचणाऱ्याची फसगत होऊ नये म्हणून तो लेखकाच्या बाजूला उभा राहतो. आपल्याकडे ‘ध’ चा ‘मा’ करण्याची कथा प्रसिद्ध आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. ‘धरावे’ या शब्दाचे कोणी ‘मारावे’ केले म्हणून तो झाला, असे परंपरा सांगते. हे कितपत खरे, याविषयी इतिहासकारांना शंका आहे. पण खरे मानले तरी, ते कृत्य जाणूनबुजून केलेले होते. मला भय वाटते ते निष्पाप हातांनी, डुलकी लागलेल्या डोळ्यांनी रोज होणाऱ्या ‘ध’ च्या ‘मा’चे. त्याची कथा कोणी सांगत नाही.

मोठमोठ्या विद्वानांच्या कामातही हे घडते. अमेरिकेत १९३४ साली वेब्स्टरच्या प्रसिद्ध इंग्रजी शब्दकोशाची नवी आवृत्ती निघाली. ‘डेन्सिटी’ म्हणजे घनता, या शब्दासाठी मोठा किंवा छोटा ‘डी’ हे अक्षर संक्षेप म्हणून वापरतात, अशी एक चिठ्ठी त्या कोशासाठी १९३१ साली तयार झाली होती. तीवर ‘डी ऑर डी’ असे लिहिलेले होते. कोणी तरी ती संक्षेपांच्या ऐवजी शब्दांच्या गठ्ठ्यात ठेवली, मधली अंतरे नाहीशी झाली, आणि ‘डॉर्ड’ असा एक नवाच शब्द जन्मास आला. अर्थ: घनता. तो रीतसर छापला गेला आणि जवळजवळ पाच वर्षे कोशात सुखाने नांदला. १९३९ सालच्या फेब्रुवारीत तेथील एका संपादकाच्या लक्षात आले की, या शब्दापुढे त्याची व्युत्पत्ती दिलेली नाही. त्याला ते खटकले. त्याने जुन्या चिठ्ठ्या काढून शोध घेतला, तेव्हा हा शब्द कोणी कधी उच्चारलेलाच नाही, असे आढळून आले; आणि नंतरच्या छपाईतून तो काढून टाकण्यात आला.